संचालकांच्या तोंडून आलेला प्रोटोकॉल

निकालाच्या दिवशी विद्यापीठाची वेबसाइट दरवर्षी गुदमरायची. म्हणून सर्व्हर सांभाळणाऱ्या वैजयंती कोळेकरने त्यावर नवा प्रोटोकॉल, म्हणजे माहिती पाठवायची नवी पद्धत, बसवायची परवानगी मागितली. संचालक टोपखाने भर बैठकीत गरजले, "जुन्यात काय वाईट आहे? माहिती कशी शिस्तीत, एकामागोमाग जाते!"

"तेच तर, सर. वाटेत एक तुकडा हरवला, की तो पुन्हा येईपर्यंत मागचे सगळे अडकून पडतात."

"पडू देत. शिस्त म्हणजे शिस्त! नामंजूर. पुढचा विषय घ्या."

पुढच्या विषयाचा कागदच सापडेना. शिपाई शोधायला धावला. त्यानंतरचा विषय खुद्द टोपखान्यांच्या परदेश दौऱ्याचा होता. दहा मिनिटं गेली, तसे ते कडाडले, "अहो, एका कागदासाठी सगळ्यांनी ताटकळायचं? तो सापडेल तेव्हा सापडेल, बाकीचे विषय पुढे घ्या!"

वैजयंती नम्रपणे उठली. "सर, नवा प्रोटोकॉल नेमकं हेच करतो. आपल्या शब्दांतच मंजुरी लिहून घेऊ का?"

हशा पिकला. टोपखान्यांनी सही केली.

यंदा निकाल झरझर उघडले. सत्कारात टोपखाने म्हणाले, "ही कल्पना मूळची माझीच." वैजयंतीने मनापासून टाळ्या वाजवल्या. त्यात खोटं काय होतं?