सदऱ्याखाली मावणारा घोडा

आंबेदरीत गेनू नावाचा एक भोळा गडी होता. कुणी म्हणालं, "गेनू, जरा कान दे," की हा मान कलती करून कान पुढे धरायचा आणि विचारायचा, "परत कधी देणार?"

गावचे सराफ नारोशेठ. त्यांच्या मुलीचं, कुमुदचं लग्न घाटापलीकडच्या गावात ठरलं. वऱ्हाड मागून येणार होतं, पण वरमाईंना दागिने आधी बघायचे होते. मुहूर्तापूर्वी हातात पडले नाहीत तर लग्न मोडलं समजा, असा निरोपच आला होता. घाटात चोरांचा सुळसुळाट. आणि शेठची शहाणी माणसं लग्नाच्या तयारीत गुंतलेली. उरला गेनू. जन्मात पहिल्यांदाच कुणी जबाबदारीचं काम दिलं म्हणून त्याची छाती फुगली.

शेठनी खटपट करून पिस्तुलाचा परवाना काढला आणि सल्ल्यासाठी गेनूला म्हाताऱ्या सुभेदारांकडे धाडलं.

सुभेदार म्हणाले, "तू नवशिका. लहानसा घोडा घे. सदऱ्याखाली लपला पाहिजे, कुणाला दिसता कामा नये."

दुपारी गेनू बाजारातून शिंगरू घेऊन आला, तेही सदरा घातलेलं.

"सुभेदार, तोंड लपतंय, शेपूट बाहेर राहतंय. याहून लहान बाजारात नव्हता."

सुभेदारांनी कपाळावर हात मारला. "गाढवा, घोडा म्हणजे पिस्तूल! दुकानात जा. एकेक घेऊन बघ. जे हाताला नीट बसेल ते घे."

गेनू दुकानात गेला. तळहात पसरला आणि एकेक पिस्तूल त्यावर ठेवून म्हणाला, "बस." हलकी पिस्तुलं हात हलला की घसरायची. एक भलंमोठं धूड मात्र जागचं हललं नाही. गेनू खूश झाला. त्याने गोळ्या भरल्या, धूड कमरेला खोचलं आणि चालू लागला. भर बाजारात नाडी तुटली. लपवायचं होतं पिस्तूल, गावाला दिसलं भलतंच.

एका हाताने पायजमा धरून तो सुभेदारांकडे आला. दुसऱ्या हाताने पिस्तूल पुढे केलं. नळी सुभेदारांच्या पोटाकडे, बोट चापावर.

"घ्या, बघा."

सुभेदार बाजेखाली शिरले. तिथूनच ओरडले, "खाली ठेव आधी! आणि हे बदलून हलकं आण. एक गोष्ट जन्मभर ध्यानात ठेव, लेका. धोक्याची वस्तू दुसऱ्याच्या हातात देताना आधी रिकामी करायची. पूर्ण रिकामी. मगच द्यायची."

गेनूने ते ध्यानात ठेवलं. हलकं पिस्तूल आणलं, रिकामं करून सुभेदारांच्या हातात दिलं. सुभेदारांनी पहिल्यांदाच त्याची पाठ थोपटली.

लग्नाच्या दिवशी गेनू पहाटेच निघाला. कमरेला पिस्तूल, काखेत दागिन्यांचा डबा. निघताना शेठ डब्यावर हात ठेवून म्हणाले, "सांभाळ रे, फार धोक्याची वस्तू आहे. यापायी माणसं जीव घेतात."

घाटात चोर भेटले नाहीत. भेटले असते तर बरं झालं असतं, असं नारोशेठ अजून म्हणतात.

वरमाई मांडवाच्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. "आण इकडे."

"थांबा," गेनू म्हणाला. "असं भरलेलं द्यायचं नसतं."

मांडवाशेजारी विहीर होती. गेनू काठावर गेला, डबा उघडला, उपडा केला. तळाशी काही अडकलं असेल म्हणून दोनदा आपटला. आत डोकावून खात्री केली. मग डबा वरमाईंच्या हातात ठेवून अदबीने म्हणाला,

"घ्या आता. काही भीती नाही. एकसुद्धा उरलेला नाही."