फुलीच्या घरात मारायचे नाही

करंजखोल आणि आंबेखोल या दोन गावांच्या मध्ये, ओढ्याच्या काठी, काळ्या कातळाची एक सपाट शिळा आहे. तिच्यावर उभ्याआडव्या रेघा कोरून आठ बाय आठ घरे पाडली आहेत. बुद्धिबळाचा पट म्हणावा, तर घरे काळीपांढरी नाहीत. शिवाय काही घरांत फुल्या आहेत. कुठे दोन जवळजवळ, कुठे एकटीच. बाहेरून आलेला माणूस फुलीवर बोट ठेवून विचारतोच, हे काय? मग देवळाचे भिवा गुरव खांद्यावरचा पंचा झटकून कातळावर टेकतात आणि सांगू लागतात.

हा खेळ इथे कुठून आला, ते कोणी छातीठोकपणे सांगत नाही. घाटाने जाणाऱ्या तांड्यांनी तो आणला, असे काही म्हणतात. इथूनच तो तांड्यांबरोबर देशोदेशी गेला, असे करंजखोलची माणसे म्हणतात. त्याला तेव्हा चतुरंग म्हणत. हत्ती, घोडे, रथ आणि पायीक अशी चार अंगांची सेना, आणि मध्ये राजा. हा खेळ चौघांत खेळत की दोघांत, यावरही वाद आहे. फासा टाकायचा आणि दान पडेल ती सोंगटी हलवायची, एवढे मात्र सगळे सांगतात.

त्या काळी करंजखोलचा प्रमुख होता सारंगदेव. ओढा वरून येतो तो आधी आंबेखोलात, मग करंजखोलात. एका वर्षी पावसाने दगा दिला आणि आंबेखोलच्या कान्हरदेवाने बांध घालून पाणी अडवले. चकमक झाली. तीत सारंगदेवाचा थोरला भाऊ भोजदेव पडला. भोजदेवाची बायको देमाइसा ही कान्हरदेवाची धाकटी बहीण. सासर खाली, माहेर वर, आणि नवरा गेला तो माहेरच्या भाल्याने.

पुढच्या उन्हाळ्यात बांध पुन्हा उभा राहिला. सारंगदेवाने गावातली झाडून सारी तरणी माणसे गोळा केली. लढाईआधी दोन्ही प्रमुखांनी या शिळेवर एक डाव खेळायचा, जिंकेल त्याला शकुन चांगला, अशी रीत होती म्हणे. सकाळी दोघे समोरासमोर बसले. मागे दोन्ही गावचे लोक भाले टेकून उभे होते. तेवढ्यात देमाइसा आली आणि पटाच्या कडेला बसली. दोन्ही घरची म्हणून तिला कोणी अडवले नाही.

"दादा, भावोजी, एक मागते," ती म्हणाली. "फासे नकोत. जो मरेल तो तुमच्या हाताने मरू दे, फाशावर ढकलू नका. आणि प्रत्येक सोंगटीला तुमच्या मागं उभ्या असलेल्या माणसाचं नाव द्या."

लोक हसले. आपले नाव हत्तीला मिळावे म्हणून थोडी ओढाताणही झाली. सारंगदेवाला त्यात वावगे दिसले नाही. तो नामांकित खेळाडू होता. फासा नसला तर त्याचेच फावणार होते.

डाव सुरू झाला. कान्हरदेवाच्या घोड्याने सारंगदेवाचा एक पायीक मारला. त्याचे नाव होते माल्हू, मेंढपाळाचा पोर.

"भावोजी," देमाइसा म्हणाली, "माल्हूच्या आईला सांगून या."

"वहिनी, हा खेळ आहे."

"खेळातलंच सांगायचंय. ते जड जात असेल, तर उद्या खरं कसं सांगाल? मला सांगायला कोणी आलं नव्हतं. माणसं अंगणात येऊन नुसती उभी राहिली, त्यावरून मी ओळखलं."

त्या माणसांत सारंगदेव होता. सगळ्यांच्या मागे, मान खाली घालून. तो उठला आणि गावाकडे निघाला.

माल्हूची आई दारात धान्य पाखडत होती. सारंगदेव वाटभर शब्द जुळवत आला होता, पण तिच्यासमोर त्याच्या तोंडून एवढेच निघाले, "माल्हू पडला." पुढचे शब्द यायच्या आतच तिच्या हातचे सूप खाली गेले. ती उंबऱ्यावर बसली. सारंगदेव घाईघाईने सांगू लागला, खेळातला गं माय, पटावरचा, तो तिकडे उभा आहे धडधाकट. हे तिच्या कानात शिरायला बराच वेळ लागला. मग तिने सांडलेले धान्य हातांनी गोळा केले आणि म्हणाली, "त्याला म्हणावं, जेवून जा. ज्यानं मारलं त्यालाही आण. भाकरी आहे."

सारंगदेव परत येऊन पटापाशी बसला. खेळी त्याची होती. त्याच्या हत्तीसमोर आंबेखोलचा एक पायीक उघडा पडला होता. तो मारला की डाव हातात आला. सारंगदेवाने हत्ती उचलला आणि मान वर करून विचारले, "याचं नाव काय?"

"रामदेव," कान्हरदेव हळूच म्हणाला. "माझा जावई."

सारंगदेवाने हत्ती होता तिथेच ठेवला. "या घरात मी मारणार नाही," तो म्हणाला. देमाइसाने टोकदार दगड घेतला आणि त्या घरात फुली ओढली. कान्हरदेव बहिणीकडे पाहत राहिला. त्याची पाळी आली तेव्हा त्यानेही एका घरात हात आखडता घेतला, आणि तिथेही फुली पडली. दुपारपर्यंत मारण्याजोगे घर सापडेना.

"दादा, बांध?" देमाइसाने विचारले.

"फोडतो," कान्हरदेव म्हणाला. "एक दिवस पाणी वर, एक दिवस खाली."

मग भाले कातळाला टेकून ठेवून सगळे माल्हूच्या दारात गेले. एका घरची भाकरी कुठून पुरणार? शेजारणींनी आपापल्या चुली पेटवल्या.

त्या फुल्या पुढे पाथरवटांनी खोल कोरल्या. आजही होळीनंतर दोन्ही गावे इथे खेळायला बसतात, सोंगट्यांना जिवंत माणसांची नावे देतात. ज्याच्या नावाची सोंगटी मरते त्याच्या घरी मारणाऱ्याने निरोप घेऊन जायचे आणि तिथेच जेवायचे. त्यामुळे डाव शेवटास गेल्याचे कोणाच्या आठवणीत नाही. पाहुणे विचारतात, राजा कोंडला तर काय करायचे? भिवा गुरव म्हणतात, "नियम असेल काहीतरी. आम्हाला कधी लागला नाही."