न विचारता उचलायची टोपली

मोझांबिकच्या किनाऱ्यावर, वाळूच्या उंच टेकाडाआड न्यारिंबा गावाचे गोडे तळे आहे. टेकाडापलीकडे समुद्र गरजत असतो, अलीकडे हे पाणी निमूट. काठाशी खुंट रोवलेले, आणि प्रत्येक खुंटाला झावळ्यांची टोपली बांधून पाण्यात सोडलेली. टोपलीत सोललेला कसावा. आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोच हा. पण इथला कडू, विषारी. रानडुकरे त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तर तो लावायचा. तीन दिवस पाण्यात मुरला की विष उतरते.

गावाची रीत अशी, की भुकेल्याने कुणाचीही मुरलेली टोपली न विचारता उचलावी. विचारणे हाच इथे अपराध. पाहुणे कौतुकाने माना डोलावतात, तेव्हा म्हातारा झेफानियास जरा रागानेच म्हणतो, "कौतुक मागाहून करा. आधी ऐका."

फार पूर्वी म्हणे इथे दोन वर्षे पाऊस नव्हता. मका उभ्या उभ्या वाळला, काजूला मोहोर धरेना. उरला तो कडू कसावा. न्येलेटी नावाची विधवा तो मुरवण्यात इतकी तरबेज, की गावच्या नव्या सुना तिच्याकडे शिकायला येत. जीभही तशीच तिखट. तिचा एकुलता एक मुलगा माफेमानी दक्षिणेकडच्या खाणींत गेला होता, त्याला अकरा वर्षे झाली होती.

एके सकाळी शेजारीण त्साकानी पदर पसरून तिच्या दारात आली. पोरे भुकेने कळवळत होती. न्येलेटीच्या घरात दोन दिवसांचे पीठ होते. ती म्हणाली, "मी तीन दिवस थांबते ना? तूही कंद भिजव आणि थांब." त्साकानीने मान खाली घातली, परत गेली आणि आपली टोपली पाण्यात सोडली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी माफेमानी आला. किनाऱ्याकिनाऱ्याने पायी आलेला, गालांची हाडे वर आलेली. "आई, आधी खायला दे," एवढेच बोलला. पण पीठ आदल्या दिवशी संपले होते. न्येलेटी तळ्यावर धावली.

दोन टोपल्या शेजारी शेजारी होत्या. तिची कालचीच, कंद दगडासारखे. त्साकानीची संध्याकाळी निघायची. बोटाने दाबताच कंद लोण्यागत चेपला. ती किती वेळ पाण्यात उभी होती कोण जाणे. पण कोणत्या तोंडाने मागणार? साऱ्या गावाला शिकवणारी ती, आणि तिने आपलीच टोपली उचलली. जास्त उकळले की भागेल, अशी मनाची समजूत घातली.

माफेमानी म्हणाला, "आई, कडू लागतंय गं."

"दुष्काळ आहे, बाळा. सगळंच कडू लागतं."

मी जेवले आहे, असे खोटे सांगून तिने सगळे त्याच्याच पानात वाढले. दिवस मावळायच्या आत तो गेला. अकरा वर्षे खाणीने त्याला जिवंत ठेवले होते.

त्साकानी आली, तिची टोपली कडेवरच होती. "अगं, अर्धी दिली असती की," ती म्हणाली, आणि तिथेच बसून रडली. न्येलेटीला रडू आले नाही, असे सांगतात. त्या शब्दाने तिचे उरलेसुरले मन मेले. मरेपर्यंत ती दर तिसऱ्या दिवशी भरली टोपली तळ्यात सोडायची, आणि काठावर कुणी दिसले की ओरडायची, "विचारू नका! उचला!"

आजही प्रत्येक घराची टोपली तशीच असते. न्येलेटीच्या खुंटाला मात्र गाव पाळीपाळीने टोपली बांधते, आणि ती कधीच कुणी उचलत नाही. ती माफेमानीची. कंद तिथेच सडतो, वारा फिरला की वास गावभर येतो.

"उपासमारीतसुद्धा?" एखादा पाहुणा विचारतो.

"उपासमारीतसुद्धा."

या खेपेला पाळी झेफानियासची आहे. त्याचाही मुलगा खाणींत गेला, त्याला सव्वीस वर्षे झाली. म्हातारा गुडघाभर पाण्यात उतरतो, कंद बोटाने दाबून पाहतो आणि म्हणतो, "अजून एक दिवस थांबायला हवं."