मानी दिंडी

कोणे एके काळी एका सरदाराच्या महालाला अजस्र दरवाजा होता आणि त्यात वाकून जाण्यापुरती एक ठेंगणी दिंडी होती. सरदार तिच्यातून वाकून जात. पुढे तिथे कचेरी झाली, मामलेदार वाकले. शाळा झाली, हेडमास्तर वाकले.

"महाल कुणाचाही असो, मुजरा मलाच!" दिंडी टेचात म्हणे.

मग मंगल कार्यालय झालं आणि बासुंदीच्या वासावर एक मांजर शेपूट ताठ ठेवून आत शिरू लागलं.

"वाक की!" दिंडी खेकसली.

"कशाला? मला कुठे लागतंय?"

दिंडी इरेला पेटली. मांजराच्या शेपटीला टेकेपर्यंत तिने आपली चौकट खाली ओढली.

तेवढ्यात वरात आली. रखवालदाराने डोकं खाजवलं. "हिच्यातून आता माणूस जायचा नाही. मोठा दरवाजा उघडा रे!"

वऱ्हाड ताठ मानेने आत गेलं. मागोमाग मांजरही, मोठ्या दरवाजानेच.