पाण्यावर चालणारा कागद

त्या प्रदेशात नदी एकच होती, पण तिच्या दोन काठांवर दोन निराळे कायदे चालत. डोंगरकाठावर सावली होती, कंदमुळे होती, भाऊबंद होते. काम तेवढे नव्हते. वाळूकाठावर काम हवे तितके होते; सावली मात्र ज्याची त्याने आणायची असे. म्हणून डोंगरकाठचे प्राणी तरुणपणी नदी पोहून वाळूकाठावर जात आणि दर पावसाळा सरला की एकमेकांना सांगत, "बस, आता पुढल्या वर्षी परत." वाळूकाठच्या रहिवाशांनी त्यांना नावच ठेवले होते, पुढल्यावर्षीवाले.

पाठारे नावाचे कासव हे या पुढल्यावर्षीवाल्यांतले सगळ्यांत जुने. चाळीस वर्षे त्यांनी तिथे पाठीवरून ओझी वाहिली. लग्न केले नाही. वेळच मिळाला नाही, असे ते सांगत. खरे म्हणजे एका स्थळाला होकार कळवायला त्यांनी वीस वर्षे घेतली आणि तोवर त्या मुलीला नातवंडे झाली होती. पण एका उन्हाळ्यात आटत चाललेल्या डबक्यात त्यांना शेपटीवाले एक पिल्लू तडफडताना दिसले. त्यांनी ते उचलून आपल्या कवचाच्या गारव्यात घेतले. पिल्लाची शेपटी गळाली, पाय फुटले आणि टुणकी नावाची एक बडबडी बेडकी त्यांना बाबा म्हणू लागली. वाळूच्या उन्हात बेडकीची कातडी तासाभरात तडकते. टुणकी मोठी झाली ती त्या पाठीखालच्या सावलीत.

सगळे बरे चालले होते. मग शेजारचे काटदरे नावाचे साळिंदर जेवता जेवता वारले.

दुसऱ्याच दिवशी बगळा आला. बगळा वाळूकाठचा नोंदणी अधिकारी. पांढराशुभ्र, अत्यंत नम्र. त्याने काटदरेवहिनींचे सांत्वन केले, डोळे पुसले, आणि बिळाच्या तोंडाला माती लिंपून घेतली. परक्या काठचा प्राणी काही लिहून न ठेवता गेला, तर त्याचे रक्ताचे वारस सिद्ध होईपर्यंत घर बंद, असा तिथला नियम होता. वहिनी तीन पिल्ले घेऊन चाळीस दिवस उघड्यावर बसल्या. पिल्लांच्या अंगावर बापासारखेच काटे होते, पण बगळ्याला ते लेखी हवे होते.

"भाऊजी," वहिनी पाठाऱ्यांना म्हणाल्या, "माझी निदान पोटची होती. तुमच्या टुणकीला कोण विचारणार?"

त्या रात्री पाठाऱ्यांना झोप आली नाही. सकाळी उठून ते मृत्युपत्र नोंदवायला निघाले. बगळ्याची कचेरी जवळ, म्हणून आधी तिकडे.

"आपण कुठले?" बगळ्याने विचारले.

"डोंगरकाठचा. पण चाळीस वर्षे इथे आहे."

"म्हणजे पाहुणे. मालमत्ता काय?"

"हे पाठीवरचं घर."

बगळा त्यांच्याभोवती दोन फेऱ्या मारून आला. "हे चालतं?"

"मी चाललो की चालतं."

"मग ते जंगम. आणि जंगम वस्तूला मालकाच्या मूळ काठाचा कायदा लागतो. आपण तिकडे नोंदवा." एवढे सांगून त्याने पाठाऱ्यांना दारापर्यंत पोचवले. तिथे थांबून तो हळूच म्हणाला, "तोवर प्रकृती जपा. काही झालंच, तर आम्हाला यावं लागेल."

टुणकीला काटदरेवहिनींकडे ओल्या मातीत ठेवून पाठारे नदी पोहून डोंगरकाठावर गेले. धाकट्या भावाने गळामिठी मारली, अळंब्यांचे जेवण घातले, आणि ते जेवत असताना त्यांची पाठ डोळ्यांनी तीनदा मोजली. तिथल्या रीतीने निपुत्रिक कासवाचे घर भावाकडे जात असे.

"दादा, लिहायची काय गरज?" धाकटे पाठारे म्हणाले. "आपल्यात कधी कागद लागले का?"

"टुणकीसाठी लागतील."

"ती बेडकी? दादा, तिला खायला-प्यायला आम्ही घालूच की. दारात."

पाठाऱ्यांनी अळंबी बाजूला सारली आणि तडक घोरपडबाईंची कचेरी गाठली. घोरपडबाई डोंगरकाठच्या नोंदणी अधिकारी. एकदा धरलेला मुद्दा त्यांनी कधी सोडला नव्हता. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"घर म्हणजे स्थावर," त्या म्हणाल्या. "स्थावर जिथे असेल तिथला कायदा. तुमचं घर वाळूकाठावर असतं."

"बाई, ते आत्ता तुमच्यासमोर आहे."

"भेटीला आलंय. तुम्ही कायमचे आलात का?"

पाठाऱ्यांच्या तोंडात सवयीने आले, "पुढल्या वर्षी." ते त्यांनी गिळले. बाई सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या; त्या उत्तराची वाट पाहत संध्याकाळपर्यंत बसल्या असत्या. पाठारेच उठले.

परतीच्या वाटेवर त्यांचा राग इतका वाढला, की ते नेहमीच्या दुप्पट वेगाने पोहले आणि दमून नदीच्या मध्यावरच्या बेटाला लागले. बेट चिमुकले, दोन्ही काठांनी कधी न मागितलेले. तिथे निळा कोट घातलेला एक खंड्या कचेरी चालवत होता. तो कुठून आला हे कोणालाच ठाऊक नव्हते. बोलायचा परक्या वळणाने, आणि फी घ्यायचा भक्कम.

"नमस्कार. कोणासाठी?" खंड्याने विचारले.

पाठारे गोंधळले. आतापर्यंत सगळ्यांनी कुठले म्हणून विचारले होते. कोणासाठी, हे कोणी विचारले नव्हते.

"मुलीसाठी," ते म्हणाले. "बेडकी आहे."

"हिरवी की तपकिरी? ओळख पटवायला लागते."

"हिरवी. डाव्या डोळ्यावर ठिपका आहे."

खंड्याने तेवढेच लिहून घेतले. मग त्याने प्रामाणिकपणे लेखणी खाली ठेवली. "एक सांगून ठेवतो. बेटाचा कागद पाण्यावर चालतो. पाण्यात जे असेल ते तुम्ही म्हणाल त्याचं, दोन्ही काठांना ते मान्य आहे. पण घर काठाला लागलं, की ते काठवाले ठरवणार. ते आमचा कागद वाचतात, कौतुक करतात आणि बाजूला ठेवतात."

पाठाऱ्यांनी वळून पाण्याकडे पाहिले. मग त्यांच्या सुरकुतलेल्या मानेतून एक आवाज आला. टुणकी तिथे असती तर तिने ओळखला असता. बाबा हसले, की असा आवाज यायचा.

"लिहा," ते म्हणाले.

साक्षीदार म्हणून पाठाऱ्यांनी वाळूकाठावर जाऊन काटदरेवहिनींना आणले, आणि वाटेत भेटलेल्या एका झिंग्याला. वहिनींना पाण्याची भीती. त्या डोळे मिटून पाठाऱ्यांच्या पाठीवर बसल्या होत्या आणि सही होईपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

त्यानंतर पाठारे सहा वर्षे धडधाकट होते. सातव्या वर्षी त्यांच्याने खाणे होईना, तेव्हा बातमी दोन्ही काठांवर पोचली. बगळा रोज सकाळी विचारपूस करायला येऊ लागला. येताना वही आणी. धाकटे पाठारे चार मुलगे घेऊन आले, आणि सोबत घोरपडबाईंनाही आणले.

"दादा, आपल्या काठावर चला," भाऊ रडवेल्या आवाजात म्हणाला. "शेवट आपल्या मातीत व्हावा."

"इथेच काय वाईट आहे?" बगळा म्हणाला. "चाळीसहून जास्त वर्षांचा ऋणानुबंध आहे. आता आम्ही यांना आमचेच मानतो."

"घर तिकडे नेऊन ठेवलं, की स्थावर; मग कायदा आमचा," घोरपडबाई म्हणाल्या.

"नेताना हललं की जंगम; आणि मालक आता आमचे," बगळा म्हणाला.

दोघांचे जुंपले. पाठाऱ्यांनी डोळे उघडले आणि ते क्षीण आवाजात म्हणाले, "मला आंघोळ करायची आहे."

मरणाऱ्याच्या या इच्छेला कोणाची हरकत असणार? सगळ्यांनी मिळून त्यांना पाण्यापर्यंत नेले. टुणकी सोबत पाण्यात उतरली. पाठारे एक हात आत गेले, दोन हात गेले, वीस हात गेले.

"दादा, फार आत नको!" भाऊ ओरडला.

"पाठ नीट भिजत नाही रे!" पाठारे म्हणाले आणि आणखी आत गेले.

मध्यावर येऊन ते थांबले. तिथून दोन्ही काठ सारखेच दिसत होते. टुणकी त्यांच्या मानेला बिलगली.

"बाबा, मला भीती वाटते."

"मलाही वाटते गं," ते म्हणाले. "पण जरा मागे वळून त्यांची तोंडं तरी बघ."

टुणकीने वळून पाहिले, आणि रडता रडता तिला असे हसू फुटले की नाकातोंडात पाणी गेले. ठसका थांबवून ती परत वळली, तेव्हा पाठाऱ्यांचे डोळे मिटलेले होते.

नदीने आपले काम शांतपणे केले. मासे आले, मासे गेले. पाचव्या दिवशी रिकामे कवच उताणे होऊन वर आले, पेल्यासारखे. त्याच्या तळाशी बेडकीला पुरेल इतके पाणी होते. टुणकी कडेवरून उडी मारून आत बसली.

प्रवाह संथ होता. एका काठाने घोरपडबाई आणि धाकटे पाठारे, दुसऱ्या काठाने बगळा, सगळे वह्या उघड्या धरून कवचाच्या चालीने चालत होते. कवच जरा डावीकडे ओढले गेले की डावीकडची लेखणी ओली होई. उजवीकडे झुकले की उजवीकडची. आणि तेवढ्यात टुणकी त्या बाजूने एक पाय बाहेर काढी, पाण्याला हलकेच रेटा देई आणि पुन्हा मध्यावर येई.