वैद्यबुवांची चोच

कुऱ्हाड अजून कुणी घडवली नव्हती, तेव्हाची गोष्ट. शिसवीच्या एका रानात सुतारपक्षी झाडांचा वैद्य होता. सालीखालची अळी तो अचूक टिपायचा. झाडं त्याला वैद्यबुवा म्हणत, आणि त्याला ते फार आवडे.

एका वर्षी ओढ्याकाठच्या शिसवीला बुरशी लागली. वैद्यबुवा रोज आधी तिची सडकी साल टोकरी आणि मग बाकीच्यांना तपासायला निघे. महिन्याभरात आणखी सात झाडं वाळली. तो आणखी लवकर उठू लागला.

एके सकाळी तो थोरल्या शिसवीवर उतरला. तिच्याच ढोलीत त्याची पिल्लं होती. खोडावरचा सरडा म्हणाला, "बुवा, इथे टोचू नका."

"तू कधीपासून वैद्य झालास रे?"

"मी कसला वैद्य! दिवसभर बसून बघतो, एवढंच. ओढ्यापलीकडे तुम्ही जात नाही. तिथे एकही झाड वाळलेलं नाही."

सुतारपक्ष्याने खालच्या दगडावर चोच घासली. दगडावर बुरशीची काळी रेघ उमटली.

त्या दिवसापासून तो वाळलेल्या झाडांवरच राहिला. पिल्लांना सुतारीण एकटीच भरवू लागली.

"वैद्यबुवा आळशी झाले हो! पानगळ जवळ आली, तरी फिरकले नाहीत," निरोगी झाडं कुरकुरत.

सुतारपक्षी रोज कान देऊन ती कुरकुर ऐके. एकाही झाडाचा आवाज त्यातून गळालेला नसे. मग तो निवांत डोळे मिटे.