शेठजींची चौदा हजार पावलं

एकदा एका पेठेच्या गावात एक वृद्ध वैद्य राहत होते आणि त्यांच्याकडे नाडीपरीक्षा शिकायला एक शिष्या येत होती. गोष्टीतली शिष्या म्हटली की डोळ्यांपुढे कोणी वल्कलं नेसलेली, हरिणीच्या मागे धावणारी मुलगी उभी राहते. ही तशी नव्हती. हिचं वय चव्वेचाळीस, नाकावर चाळिशी, आणि धावायचा प्रसंग आला तर हरिणीला थांबायला सांगणारी. मुलं शिकायला बाहेरगावी गेल्यावर 'आता आपणही काहीतरी शिकायचं' या झटक्यात तिनं आधी शिवण, मग पेटी आणि मग केक असे तीन विषय अर्धवट सोडले होते. नाडीला मात्र ती दीड वर्ष चिकटून होती. वैद्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं आणि आप्पा तिला पोरी म्हणायचे. आपल्याला पोरी म्हणणारं माणूस आता गावात एवढं एकच उरलंय, आपण विद्येसाठी येतो की या हाकेसाठी, अशी तिला स्वतःबद्दल शंका होती.

शंकेला कारणही होतं. दीड वर्षात तिला एकाही रोग्याची नाडी सापडली नव्हती. ती तीन बोटं मनगटावर ठेवायची, डोळे मिटायची, ठोके लागायचे, ती मन लावून मोजायची. आणि आप्पा शांतपणे म्हणायचे, "पोरी, ही तुझी."

नवशिक्याचं असं होतं. आपल्याच बोटांतलं रक्त इतक्या उत्साहानं उड्या मारतं, की समोरच्याचं काही ऐकूच येत नाही. गावातल्या निम्म्या लोकांच्या मनगटात तिनं स्वतःचीच नाडी तपासली होती. ती नाडी ठणठणीत होती, एवढं मात्र आता खात्रीनं सांगता आलं असतं.

त्याच गावात भांड्यांचे एक मोठे व्यापारी होते. पंचावन्न-छप्पन्न वय, पांढरी गादी, मागे लोड, आणि पातेल्यांच्या उतरंडीसारखा चढत गेलेला देह. दिवाळीत वहीपूजनाला उठताना शेठजींना घेरी आली. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून स्पष्टच सांगितलं, की रोज चाला, वजन उतरवा, नाहीतर हे हृदय एवढं ओझं फार दिवस ओढणार नाही. शेठजी घाबरले. आणि घाबरलेला व्यापारी जे करतो तेच त्यांनी केलं. ते खरेदीला गेले.

तिथं गाडं अडलं. चालायचं तर वेळ बघायला घड्याळ हवं, आणि दुकानात घड्याळं निघाली दोन. एक परदेशी, सोनेरी, आपोआप चावी भरणारं, ज्याची किंमत दुकानदारानंही आवाज उतरवून सांगितली. तसं व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांच्या हातात होतं. दुसरं काळं, चौकोनी स्मार्टवॉच, जे पावलं मोजायचं, नाडी मोजायचं, झोप मोजायचं आणि जास्त वेळ बसलात तर मनगटाला गुदगुल्या करून उठवायचं. एकात प्रतिष्ठा, एकात प्रकृती. दोन महिने शेठजी लोडाला टेकून यावर विचार करत राहिले. चालणं अर्थातच घड्याळ ठरल्यावर सुरू होणार होतं. शेवटी ओळखीच्या त्या दुकानदारानं दोन्ही घड्याळं महिन्याच्या बोलीवर दिली, आणि शेठजी सल्ल्याला आप्पांकडे आले.

आप्पांनी दोन्ही उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, "महिनाभर दोन्ही हातांत दोन्ही घाला. झोपतानाही काढू नका. कोणतं ठेवायचं ते घड्याळंच सांगतील."

शिष्येचा थोडा विरस झाला. आप्पा दोन्ही विहिरीत टाकायला सांगतील, असं तिला वाटलं होतं. गोष्टींत तसंच असतं.

चार दिवसांनी शेठजी तणतणत आले. परदेशी घड्याळ बंद पडलं होतं. एवढी किंमत आणि चार दिवसांत ही गत, असं त्यांचं म्हणणं. आप्पांनी घड्याळ हातात घेऊन पाळण्यासारखं दोनचारदा हलवलं, तसा काटा लगेच पळायला लागला.

"यात सेल नसतो," आप्पा म्हणाले. "घालणाऱ्याचा हात हलला की याला चावी बसते. तुमचा हात हलत नाही."

शेठजींनी जरा आठवून पाहिलं. त्यांच्या हाताचं दिवसभरातलं काम म्हणजे तर्जनी उचलून 'ते वरचं काढ' म्हणणं. तेवढ्यावर परदेशी घड्याळ चालत नाही. ते मान हलवत निघून गेले.

पंधरा दिवसांनी शिष्या दुकानात गाळणं घ्यायला गेली, तर शेठजी खुशीत. दोन्ही घड्याळं उत्तम चालताहेत, म्हणाले, आणि फोन पुढे करून आदल्या दिवसाची पावलं दाखवली. चौदा हजार दोनशे. शिष्येनं आकडा दोनदा वाचला. तिच्या मुलानंही तिला असलंच एक घड्याळ दिलं होतं आणि त्यात ती कधी साडेतीन हजारांपलीकडे गेली नव्हती. एकदाच सहा हजार झाली होती, ती गणपतीत आरतीच्या टाळ्या वाजवताना. घड्याळाला वाटलं, बाई निघाल्या. आणि हे शेठजी, गादीवरून न उठता चौदा हजार. पोट तर होतं तिथंच होतं, उलट सदऱ्याचं खालचं बटण आता काजातून सुटायला बघत होतं. शेठजींची मनगटं लांब बाह्यांखाली झाकलेली होती. देव देतो त्याला असं देतो, असं म्हणून ती गाळणं घेऊन घरी आली.

तिसाव्या दिवशी शेठजी आप्पांकडे हजर झाले. बरोबर शेठाणीबाई होत्या, त्यांच्या हातात पाण्याची बाटली आणि शेठजींच्या गोळ्यांचा डबा. त्या आत आल्या नाहीत. मला काय धाड भरलीय, असं म्हणून ओसरीवरच टेकल्या, आणि रिकामं कशाला बसायचं म्हणून पिशवीतून मेथीची जुडी काढून निवडायला लागल्या.

शेठजींनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून दोन्ही घड्याळं काढली आणि आप्पांसमोर ठेवली.

आता आप्पा हात पुढे करायला सांगतील म्हणून शिष्या सरसावून बसली. आप्पांनी शेठजींच्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी काळं घड्याळ उचललं आणि त्याच्या पट्ट्याचा वास घेतला. मग सोनेरी घड्याळ उचललं, काचेच्या कडेला नख घालून वाळलेलं पांढरं काहीतरी खरवडलं आणि कागदावर ठेवलं. शिष्येच्या मनात आलं, आप्पांचं आता वय झालं.

"वाच," आप्पा म्हणाले.

तिनं चाळिशी नीट करून फोनमधला गेल्या तीन आठवड्यांचा अहवाल वाचला. रोजची पावलं चौदा हजार. झोप सरासरी साडेचार तास, तीही तीनदा मोडलेली. पहाटे पाचपासून हालचाल. दिवसभरात एका जागी सर्वांत जास्त वेळ बसणं, अकरा मिनिटं. दुपारी बारा ते दोन नाडी पळतेय, रात्री आठ ते दहा पुन्हा पळतेय.

शेठजी अभिमानानं ऐकत होते. "या वयात," ते मध्येच म्हणाले.

"औषध लिही," आप्पा शिष्येला म्हणाले. "नाव मागून घालू. सकाळी सातच्या आत अंथरुणातून उठायचं नाही. पहिला चहा दुसऱ्यानं करून हातात आणून द्यायचा."

शेठजींना हे औषध पसंत पडलेलं दिसलं.

"दुपारचं जेवण गरम, सगळ्यांच्या बरोबर, पाटावर बसून. वाढायला दुसरं कोणीतरी. जेवणानंतर दोन तास निजायचं, दाराची घंटा वाजली तरी उठायचं नाही. आणि 'माझा टॉवेल कुठंय, माझा चष्मा कुठंय' असले प्रश्न या व्यक्तीला चाळीस दिवस कोणीही विचारायचे नाहीत."

"वा," शेठजी म्हणाले. "आप्पा, विद्या ती विद्या. शहरातला डॉक्टर नुसता चाला म्हणत होता."

"सोमवार, गुरुवार आणि चतुर्थीचे उपास बंद."

"उपास? मी कुठं करतो उपास?"

"लिही गं. आणि शेवटचं पथ्य. आठ दिवस माहेरी जाऊन राहायचं."

शेठजी सावकाश म्हणाले, "माहेरी? माझ्या?"

आप्पांनी काळं घड्याळ त्यांच्या नाकाशी नेलं. "हिंगाची फोडणी. आणि या दुसऱ्यात कणीक. तुमच्या गादीवर कोण पोळ्या लाटतं?"

तेव्हा कुठं सगळं बाहेर आलं. परदेशी घड्याळ बंद पडतं म्हणून शेठजींनी ते शेठाणींच्या हातात घातलं होतं. त्यांचा हात दिवसभर हलतोच, घड्याळ चालू राहील. मग दोन दिवसांनी दुसरं बसल्या बसल्या गुदगुल्या करतं म्हणून तेही त्यांच्याच दुसऱ्या हातात गेलं. रात्री मनगट खाजतं म्हणून रात्रीही तिथंच राहिलं. आणि रोज सकाळी शेठजी फोन उघडून आपली पावलं बघून समाधानानं न्याहारीला बसत होते.

आप्पांनी शेठाणीबाईंना आत बोलावलं. त्या पदराला हात पुसत आल्या. आपल्याला का बोलावलंय ते कळेना म्हणून नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत बसल्या. आप्पांनी विचारलं तसं त्यांनी सरळ सांगून टाकलं. त्यात चोरी कसली?

"अहो आप्पा, उपास मी करते, आयुष्य यांना मिळतं. वडाला फेऱ्या मी घालते, जन्म यांचे वाढतात. मग पावलं तेवढी का नाही मिळायची? मी म्हटलं, यांचं हृदय आहे नाजूक. माझे पाय आहेतच रिकामे."

या तर्कात चूक कुठं आहे, ते शिष्येला पटकन दाखवता आलं नसतं, कारण मागच्या वटपौर्णिमेला तीही फेऱ्या घालून आली होती.

आप्पा म्हणाले. "पुण्य वाटून घेता येतं म्हणतात, बाई. येत असेल. मी ते कधी नाडीत पाहिलेलं नाही. घाम वाटून घेता येत नाही. झोपही येत नाही." मग शेठजींकडे वळले. "तुम्ही विचारलंत, यातलं कोणतं ठेवायचं. दोन्ही खरं बोलणारी. एकानं तुमच्या हातात बंद पडून तुमचं खरं सांगितलं, दुसऱ्यानं यांच्या हातात राहून यांचं खरं सांगितलं. तीन आठवडे रोज तुम्ही ते वाचत होतात. साडेचार तास झोप, शेठजी. ती आपली नाही एवढं तरी तुम्हाला माहीत होतं. मग ती कोणाची, हे एकदाही मनात आलं नाही?"

शेठजी रिकाम्या रुमालाची घडी घालायला लागले.

"ही माझी शिष्या," आप्पा म्हणाले, "दुसऱ्याच्या मनगटावर बोटं ठेवून स्वतःची नाडी मोजते. तुम्ही दुसऱ्याची नाडी स्वतःची म्हणून मिरवलीत. रोग एकच. फक्त ती शिकतेय."

शिष्येला हे कौतुक आहे की कसं, ते ठरवता येईना. तोवर आप्पांनी तिला खूण केली. बायकांची नाडी डाव्या हाताची बघतात. शेठाणीबाईंनी हात पुढे केला, आणि हिरव्या बांगड्या वर सरकवल्या तर खाली पट्ट्याचा पांढरा वळ. उजव्या हातावर सोनेरी घड्याळाचा दुसरा. शेठजींनी ते दोन्ही वळ बघितले आणि नजर खाली घातली.

शिष्येनं तीन बोटं ठेवली, डोळे मिटले. ठोके लागले. ठणठणीत, ओळखीचे, दीड वर्षांचे सोबती. तिनं सुस्कारा सोडला. पुन्हा आपलीच.

"मग यातलं परत कोणतं करू?" शेठजींनी हळूच विचारलं.

"हात ज्यांचे होते त्यांना विचारा," आप्पा म्हणाले.

शेठाणीबाईंना विचारायची वेळच आली नाही. त्या म्हणाल्या, दोन्ही नेऊन द्या. एकानं बांगड्यांना चरे पडतात आणि दुसरं जरा पोळ्या थांबवून टेकावं तर उठा म्हणतं. घरात तसं म्हणणारे आहेतच.

आप्पांनी औषधाचा कागद शेठजींपुढे सरकवला. "नाव राहिलंय. सांगा, ती लिहील."

"लिहा की, आमची मंडळी."

"मंडळीला औषध लागू पडत नाही. नाव लागतं."

आता शेठजी अवघडले. चौतीस वर्षांत त्यांनी बायकोला 'अगं' आणि 'ऐकलंस का' यांपलीकडे हाक मारली नव्हती. नाव घेतलं होतं ते एकदाच, लग्नात, चारचौघांनी अडवलं म्हणून उखाण्यात. त्यांनी घसा खाकरला. सदऱ्याचं खालचं बटण चाचपलं. मग कोणाकडेही न बघता, दुकानात काचेचं काही उचलावं तसं ते जपून म्हणाले, "चंद्रकला."

आणि शिष्येच्या बोटांखाली काहीतरी टुणकन उडालं.

बारीक, दमलेलं, दोरा ओढावा तसं सरकणारं काहीतरी होतं तिथं, आणि त्यानं आत्ता एक उडी मारली होती. तिची स्वतःची नाडी शेजारी आपली संथ चाललेली होती. तिचं नाव तिचा नवरा दिवसातून पन्नास वेळा घ्यायचा, चष्मा कुठंय ते विचारायला, आणि ती नाडी कधी जागची हलली नव्हती. त्यामुळे घोटाळ्याला जागाच नव्हती.

"आप्पा," ती डोळे न उघडता म्हणाली, "ही माझी नाही."

"नाही," आप्पा म्हणाले. "मोज आता."

ती मोजत राहिली. शेठजी उठले, दोनदा इकडेतिकडे बघितलं, आणि ओसरीवर जाऊन उरलेली मेथी निवडायला बसले. पानं टाकून काड्या ठेवत होते, पण त्या दिवशी त्यांना कोणी काही म्हटलं नाही.

आपणही सकाळी फोन उघडून आपली पावलं बघतो. बघावीत, फक्त त्यातली काही कोणाच्या पायांची आहेत, तेही कधीतरी विचारून घ्यावं, नाव घेऊन.